बीडची सायकल फेरी : पाहुणा येईल, पण उतरेल कुठे?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. जिची वाट पाहता पाहता आमच्या वडिलांच्या पिढीचे केस पांढरे झाले, ती गाडी एकदाची बीडच्या फलाटाला लागली. आता या गाडीने नुसते बीडकरच कामधंद्यासाठी बाहेर जाणार, की बाहेरचा माणूस बीड पाहायलाही येणार? आमच्या वस्तीतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय निघाला आणि त्यातून एक कल्पना पुढे आली : बीडची सायकल फेरी.

सायकल ही आपल्या घरातली वस्तू आहे. तिच्यावर कुणाच्या वडिलांनी दूध घातले, कुणी पेपर टाकले, कुणी कामावर जाताना हँडलला डबा अडकवला. आता शहरातला शिकला-सवरलेला माणूस पहाटे उठून हौसेने सायकल चालवतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात परदेशी खेळाडूंची मोठी सायकल स्पर्धा झाली. तेवढा पैसा आपल्याकडे नाही आणि तशी शर्यत आपल्याला भरवायचीही नाही. आपल्याला हवी फेरी. पाहत जायचे, थांबायचे, बोलायचे.

पाहण्यासारखे आहे का? आहे! शहरातच पाण्याच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वराचे जुने मंदिर आहे. तिथून निघून सोलापूरच्या दिशेने पाच-सहा किलोमीटर गेले की खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, १५८२ साली, सलाबतखानाने ती बांधवून घेतली. राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची रचना केली. विहिरीच्या पोटात बोगदे आहेत. काहींतून पाणी आत येते आणि एकातून शेतांकडे जाते. ना मोट, ना पंप! चारशे वर्षांपूर्वी आपल्या दुष्काळी मुलखात जमिनीचा उतार ओळखून पाणी फिरवणारी ही माणसे होती. बांधवून घेणाऱ्याचे नाव राहिले, रचना करणाऱ्याचे राहिले. बोगदे खोदणाऱ्या हातांची नावे कुठेच नाहीत. फेरीतल्या पाहुण्याला ही गोष्ट आपल्या मुलांनीच सांगावी, असे आमचे मत आहे.

पुढे पालीजवळ बिंदुसरेचे धरण आहे. मग मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. इथे छाती भरून येते, पण चढून गेले की बालाघाटाचे पठार समोर उघडते. तिथून कपिलधार जवळ. पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर. रोज सायकल चालवणाऱ्याला अवघड नाही, नवशिक्याला घाटाच्या पायथ्यापासून परत फिरता येईल. मात्र हा रस्ता मोठ्या वाहतुकीचा आहे. म्हणून पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका आणि उतारावर दर वळणाला एक स्वयंसेवक, एवढे नसेल तर फेरी काढूच नये. निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे ब्रेक तपासले जावेत.

तारीख कोणती? यावर बैठकीत बराच खल झाला. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला यात्रा असते, तेव्हा गर्दीत गर्दी नको. थंडी बरी, असे एकजण म्हणाला. पण थंडीत बीड जिल्ह्यात असते कोण? दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांकडे निघतात. वस्त्यांना कुलपे लागतात. ज्यांच्या गावाची फेरी, तेच गावात नाहीत, असे होता कामा नये. म्हणून सप्टेंबरअखेर ते दसऱ्याच्या आतला रविवार बरा. धबधबा वाहता असतो, डोंगर हिरवा असतो आणि सीताफळ नुकते बाजारात येऊ लागते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नाही. खाल्ल्यावर ठाऊक होईल. धोका आहे तो पावसाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्याची काय दैना केली, ते आपण भोगले आहे. तेव्हा पुढचा एक रविवार राखून ठेवावा आणि धबधब्याखाली कुणालाही उतरू देऊ नये.

एवढ्याशा गावाच्या फेरीला कोण येणार, असे कुणी म्हणेल. इटलीत गायोले नावाचे एक छोटे गाव आहे. तिथले मातीचे पांढरे रस्ते नाहीसे होऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये काही मंडळींनी जुन्या सायकलींची फेरी काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आज त्या गावात देशोदेशींचे हजारो लोक येतात. त्यांनी नवे काही बांधले नाही. जे होते, तेच मानाने दाखवले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि आम्हाला अधिक जवळचे. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्यात आली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया हजारोंनी सायकलवर बसल्या. त्यांचा माल बाजारात वेळेवर पोचू लागला, पाणी आणणे सोपे झाले आणि कुणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या आहेत. बीडच्या फेरीत सर्वांत पुढे अशा मुली असाव्यात. महागड्या सायकलवाल्यांनी त्यांच्या मागून यावे.

आता मुख्य प्रश्न. पाहुणा आला तर उतरेल कुठे आणि जेवेल कुणाकडे?

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला आले होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. धुळीने माखलेल्या मंडळींनी दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. त्यावरून लोक धावून आले, पाणी बाटवले म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी, आत कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ते तिथे पाहुणेच होते. गाव पाहुण्याला पाणी कसे देते, यावर त्या गावाची किंमत ठरते, हे यावरून शिकावे.

म्हणून आमच्या बैठकीने एक नियम सुचवला आहे. पाहुण्यांना ठेवून घेण्यास तयार असलेल्या घरांची यादी करायची. घर स्वच्छ हवे, संडास हवा, पिण्याचे पाणी झाकलेले हवे. अट एवढीच. मग चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या घराची चिठ्ठी निघेल, तिथे पाहुणा उतरेल. ना पाहुण्याने घराचे आडनाव विचारायचे, ना घराने पाहुण्याचे! सर्व वस्त्यांतली, सर्व धर्मांची घरे यादीत असावीत. हा नियम मान्य नसेल त्याने खुशाल लॉजवर उतरावे, पण फेरीच्या पंगतीत एकच चूल राहील.

पैशाचेही बोलले पाहिजे, कारण हिशेब उघडा असला की मने स्वच्छ राहतात. बाहेरचे २०० जण आले आणि प्रत्येकाने ५०० रुपये भरले, तर जमा एक लाख. त्यातून ठेवून घेणाऱ्या घरांना, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून, माणशी २५० रुपयांप्रमाणे ५०,०००. वाटेतल्या चहा-पाण्याचे, भाकरी-पिठल्याचे बचत गटांना २०,०००. दहा सायकल मिस्त्रींना ८०० रुपये रोजाने ८,०००. रुग्णवाहिका व औषधपेटीला ७,०००. छपाई आणि फलकांना ५,०००. राहिले १०,०००, ते शाळकरी मुलींच्या सायकलींच्या दुरुस्तीला. बीडकरांना फी नाही. हार-तुरे, शाली, नारळ आणि व्यासपीठ यांना या अंदाजपत्रकात एक पैसाही ठेवलेला नाही, तो जाणूनबुजून. फेरी संपल्यावर आठ दिवसांच्या आत जमाखर्च फळ्यावर लावावा.

बंधू-भगिनींनो, पाहुणा डोंगर पाहून जातो, पण परत येतो तो माणसांसाठी. कपिलधारचे पाणी पावसाळा सरला की आटते. आपल्या घरी प्यायलेला तांब्याभर पाण्याचा घोट मात्र त्याच्या लक्षात राहतो. ज्यांना यादीत आपले घर घालायचे असेल, त्यांनी आतापासूनच तयारीला लागावे. अंगणात कोपऱ्याला लावून ठेवलेली जुनी सायकल बाहेर काढावी, तिची चेन साफ करावी, हवा भरावी. बाकीचे पुढच्या बैठकीत.