रॉडवरची खपली

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात रसायनशास्त्राचा तास बाथरूममध्येच भरतो. बादलीवर पांढरे ओघळ, शॉवरची निम्मी छिद्रं बुजलेली, साबण कितीही घासला तरी फेसाचा पत्ता नाही. शिक्षकाला दुष्फेन पाणी शिकवायला याहून काय हवं? पण वर्गात आधी व्याख्या येते, मग समीकरण. आणि उदाहरण वेळ उरला तर.

हा क्रम फिरवून पाहणारे होऊन गेले. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात 1980च्या दशकात आकाराला आलेला 'सॉल्टर्स' अभ्यासक्रम कपडे, अन्न अशा रोजच्या गोष्टींपासून सुरू व्हायचा. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या 'केमकॉम' या पाठ्यपुस्तकाची सुरुवात तर एका काल्पनिक गावच्या नदीत मेलेल्या माशांनी व्हायची. पाण्यात नेमकं काय विरघळलंय, ते मुलांनीच शोधायचं.

मुलं घरी बसून मोबाइलवर शिकतात तेव्हा खरी अडचण उलटीच होते. उत्तर फार लवकर मिळतं. चार मिनिटांचा व्हिडिओ सगळं सांगून मोकळा होतो आणि मुलाला काही विचारायचं उरतच नाही. म्हणून कसबी शिक्षक लिंक मागे ठेवतो, काम आधी देतो: पाणी तापवायच्या रॉडवरची खपली वाटीत घ्या, वर लिंबू पिळा.

खपली फसफसते. हा वायू कुठला? आणि त्याहून अवघड प्रश्न: साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, मग पाणी तापल्यावर हा पदार्थ उलट बाहेर का पडला? इथे मूल अडतं, अडायलाच हवं. विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं उष्णतेने न विरघळणारं कार्बोनेट होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हे आता त्याला स्वतःहून वाचावंसं वाटतं. समीकरणं जुळवायचा सराव कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट'वर फुकट करता येतो. नोबेलविजेते कार्ल वाइमन यांनी 2002 साली सुरू केलेल्या या प्रकल्पाची बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. पडद्यावर अणू मोजता येतात; लिंबाची फसफस मात्र वाटीतच बघावी.

पुढची पायरी आकड्यांची. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा दुष्फेनपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. सोसायटीने पाणी तपासून घेतलं असेल, तर तो अहवाल मुलांना जरूर वाचायला द्यावा.

एक सूचना मात्र शिक्षकाने सगळ्यात आधी, ठळक अक्षरांत पाठवावी: प्लग काढून, रॉड पूर्ण गार झाल्यावरच खपलीला हात लावायचा.