दिवाडीचा बोंदेरा

मांडवीच्या पात्रांत, जुन्या गोव्यासमोर, दिवाडी नांवाचें बेट आहे. भोंवतीं पाणी असलें म्हणजे आंतलीं माणसें आपोआप एकजीव होतात, असें दुरून पाहणारास वाटतें. आमचें मत निराळें आहे. पाण्यानें जमीन वेगळी होते. माणसांस एकत्र आणावयास दुसरें कांहीं लागतें, आणि तें पुष्कळदां भांडण असतें.

दिवाडीचा बोंदेरा पाहावा. हें नांव पोर्तुगीज भाषेंतील निशाणवाचक शब्दावरून आलें. वाड्यावाड्यांत हद्दींवरून तंटे होत. पोर्तुगीज अंमलांत त्या हद्दींवर निशाणें रोवलीं गेलीं आणि लोकांनीं तीं दगड मारून पाडलीं, अशी हकीकत परंपरेनें सांगतात. आतां ऑगस्टच्या चौथ्या शनिवारीं पिएदाद येथें प्रत्येक वाडा आपलें निशाण मिरवीत निघतो आणि त्या तंट्याचें सोंग होतें. दगडाच्या जागीं फोटाश आली आहे. फोटाश म्हणजे वेळूची नळी; तींत हिरवें तेफळ दडपून दट्ट्यानें उडवितात. तें लागलें तर अंग चुरचुरतें, एवढाच काय तो रक्तपात!

निशाण हातीं धरतांच माणूस आपल्या वाड्याचा होतो. परंतु नेम धरावयास समोर दुसरा वाडा हवाच. म्हणून त्याच क्षणीं तो साऱ्या बेटाचाहि होतो.

कदंब राजांचें कुलदैवत सप्तकोटीश्वर पूर्वीं याच बेटावर होतें. पोर्तुगीजांनीं देऊळ मोडलें. लिंग पुढें पैलतीरीं, डिचोलीकडील नार्व्यास गेलें. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनीं १६६८ सालीं करविला. बेटावरील पुष्कळ घरें ख्रिस्ती झालीं. देव गेला, धर्म पालटला, पण वाडे आणि त्यांच्या सीमा लोकांच्या मनांतून गेल्या नाहींत. बोंदेऱ्याचा आधार तोच.

हल्लीं फेरीबोटींतून बाहेरचे प्रेक्षक लोटतात, सजविलेले चित्ररथ निघतात. आम्हांस त्याचा विषाद नाहीं. आम्ही स्वतः पाहुणेच. तथापि चित्ररथ पाहुण्यासाठीं असतो, फोटाश शेजाऱ्यासाठीं. पाहुणे कितीहि आले तरी शेजाऱ्याची उणीव त्यांनीं भरून निघत नाहीं. आणि तो शेजारी मुंबईस किंवा आखातांत नोकरीवर असला, तर ऑगस्टचा चौथा शनिवार त्याला रजेच्या अर्जांत साधावा लागतो.