उशीच्या उंचीवरून

दुकानातले टीव्ही उभ्या माणसासाठी लावलेले असतात. भिंतभर पडदे, सगळ्यांवर तोच निळा समुद्र, तीच लाल फुलं, आणि उजेड पार शेवटच्या टोकापर्यंत ताणलेला. ट्यूबलाइटच्या लखलखाटात गिऱ्हाइकाची नजर ओढायची तर तसंच करावं लागतं. पण झोपायच्या खोलीत टीव्ही बघणारं माणूस उभं नसतं. ते लोडाला टेकलेलं असतं, कुशीवर वळलेलं असतं, पुष्कळदा दिवा मालवून पडलेलं असतं. या खोलीसाठी टीव्ही घ्यायचा तर त्याची पारख उशीच्या उंचीवरून करावी, असं आईसाठी छोटा टीव्ही शोधताना माझ्या मनाने पक्कं घेतलं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आईच्या संसाराची सुरुवातही त्याच सुमाराची. तेव्हाचा टीव्ही म्हणजे चार पायांवर उभी लाकडी पेटी, पुढे सरकती शटरं, वर विणलेला रुमाल. रविवारच्या सिनेमाला शेजारपाजार लोटायचा, पोरंटोरं सतरंजीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर. १९८२च्या एशियाडच्या वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण आलं आणि काही वर्षांनी आमच्याकडची पेटीही बदलली. आईची जागा मात्र बदलली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात, हाताला लागलेली कणीक तशीच ठेवून, उभ्याने बघायची. कुकरची शिट्टी झाली की आत. पुढे हॉलमध्ये मोठा टीव्ही आला आणि त्यावर मॅच, कार्टून, चर्चा यांचं राज्य झालं. “असू दे, तुमचं चालू दे,” म्हणून ती उठायची. एवढी वर्षं टीव्ही घरात आहे, पण काय लावायचं हे तिने ठरवल्याचं मला आठवत नाही.

म्हणून तिच्या खोलीत तिचा टीव्ही हवा होता, आणि तो बेताच्या खर्चात बसणारा हवा होता. छोट्या टीव्हीची किंमत आज साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात असते. दुकानदार आग्रहाने त्रेचाळीस इंचीकडे नेतो. पूर्वी ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५पासून सरसकट १८ झाला, त्यामुळे मोठ्याकडे वळायला कराचीही आडकाठी उरली नाही. अशा वेळी टेप काढावी. इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर, उंची ४०. २४ इंची ५३ बाय ३०. आईच्या उशीपासून समोरची भिंत जेमतेम सात फूट. तिथे २४ इंचीवर बातम्यांखालची पट्टी वाचताना तिने डोळे बारीक केले असते. त्रेचाळीस इंचीने देव्हारा आणि कपाट यांच्यामधली सगळी भिंत खाल्ली असती. बत्तीस इंची तिथे नीट सामावत होता.

मग प्रश्न स्पष्टतेचा. एचडी रेडी पडद्यावर १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. फुल एचडीवर १९२० बाय १०८०, जवळजवळ दुप्पट. ऐकायला फरक फार मोठा. पण ३२ इंचीवरचा एचडी रेडीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि सहा फुटांपलीकडून निरोगी डोळ्यालाही असे ठिपके सुटे दिसत नाहीत. आईचा तर मोतीबिंदू काढलेला. सात फुटांवरून तिला न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या पॅनेलवर घालावेत.

पॅनेलची खरी परीक्षा खालून आणि बाजूने होते. एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही आतून एलसीडीच असतो. मागे दिवे जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड कमी-जास्त अडवतात. समोरून पाहिलं तर हिशेब जमतो. तिरकं पाहिलं की उजेड भलत्याच कोनातून येतो, चेहरे फिके पडतात. आयपीएस पॅनेलमध्ये बाजूनेही रंग टिकतात, पण अंधारात काळं जरा राखाडी दिसतं. व्हीए पॅनेलचं काळं दाट, पण बाजूला सरकलं की रंग उतरतो. मी दुकानात फरशीवर उकिडवी बसले, मान कलती केली आणि एकेका पडद्याकडे पाहत गेले. उभ्याने सारखेच दिसलेले दोन टीव्ही खालून निराळे निघाले. एकावर निवेदिकेच्या साडीचा जांभळा रंग जांभळाच राहिला, दुसऱ्यावर त्याची राख झाली. आई कुशीवर पडून बघते. निवड तिथेच झाली.

विक्रेत्याला डेमो मोड काढून सिनेमा मोड लावायला सांगितला, उजेड अगदी खाली आणायला लावला. झोपायच्या खोलीतल्या टीव्हीला मंद होता आलं पाहिजे. रात्री दहानंतर सबंध खोली निळी करून टाकणारा पडदा झोपेचा वैरी. स्लीप टायमर आहे का, तो दोन बटणांत लागतो का, हेही पाहिलं. आवाज हळू करून बोलणं कळतं का ते ऐकलं, कारण सपाट टीव्हीचे स्पीकर खालच्या अंगाला असतात आणि ढणढणाटात शब्द बुडतात. वीज ३० ते ५० वॉट, म्हणजे तिच्या डोक्यावरच्या जुन्या पंख्याहून कमी. ही शेवटची गोष्ट तिला सर्वांत आवडली.

भिंतीवर तो किती उंच लावायचा यावर घरात वाद झाला. सवयीने सगळे कपाटाच्या उंचीचं बोट दाखवत होते. मी आईला लोडाला टेकून बसवलं, तिच्या डोळ्यांची रेषा भिंतीवर पेन्सिलने आखली आणि पडद्याचा मध्य त्या रेषेच्या थोडा वर धरला. कलता होणारा ब्रॅकेट घेतला. रिमोटवर ॲपची इतकी बटणं की चुकून बोट लागलं तर चित्र पळतं आणि आईला वाटतं, बिघडला. चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढ्या बटणांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले. बाकीच्यांकडे तिने पाहायचं कारणच नाही.

एक भीती होती. खोलीत टीव्ही दिला की माणूस खोलीतच राहतं, घर त्याला हळूहळू विसरतं. ही भीती खोटी नाही. म्हणून टीव्ही घेताना आम्ही एक गोष्ट ठरवली, जेवण सगळ्यांनी एकत्र, पडद्याविना. आणि संध्याकाळी कुणी ना कुणी तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसतं. सह्याद्रीवर बातम्या लागलेल्या असतात. पावसाचा अंदाज आला की आई गावाकडच्या शेताची चौकशी करते.

म्हाताऱ्या माणसांसाठी आपण औषधं आणतो, स्वेटर आणतो, मऊ चपला आणतो, त्या त्यांच्या गरजा म्हणून. आवड ही सुद्धा गरज आहे. ती पुरवायला मोठा खर्च लागत नाही. त्यांच्या जागी जाऊन बसावं लागतं, तिथून काय दिसतं ते पाहावं लागतं, आणि पैसे त्यावर खर्चावे लागतात. परवा नातू मॅच लावायला तिच्या खोलीत गेला, तर आई म्हणाली, “थांब रे, माझं कीर्तन संपू दे.” मला तेच विकत घ्यायचं होतं.