पंचविसावा बार

आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी व्हायोलिन वाजवीत असत. पियानोवर साथ असे ती त्यांच्या पत्नीची. त्या गेल्यानंतर वाद्य पेटीतून बाहेर निघाले नव्हते. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पत्नीच्या हातची एक वही माझ्यापुढे ठेवली. तीत एका वॉल्ट्झच्या साथीचे केवळ कॉर्ड होते आणि प्रत्येक ‘बार’ला, म्हणजे पाश्चात्त्य लेखनातील तालखंडाला, शाईने घातलेला क्रमांक. ‘यातून साथ उभी राहील का?’ असे त्यांनी विचारले. संगणकाशी माझी थोडी घसट आहे, एवढीच माझी पात्रता.

मी आधार घेतला तो कॅनडातील बॉब व्हॅन डर पोल यांच्या ‘म्युझिकल मिडी अकंपनिमेंट’ या मुक्त परवान्याच्या आज्ञावलीचा. पायथन भाषेत लिहिलेल्या या आज्ञावलीला सजावटीचे वावडे असावे. साध्या मजकुराच्या फाइलीत ओळीमागे एक बार या हिशेबाने कॉर्ड लिहावेत, वर ‘ग्रूव्ह’ म्हणजे साथीची शैली सांगावी आणि फाइलीचे नाव देऊन आज्ञा सोडावी. १९८३मध्ये प्रमाणित झालेल्या मिडी पद्धतीची फाइल तयार होते. आज्ञेत एखादे रोमन अक्षर जोडले की आज्ञावली निराळी वागते. लहान ‘एन’ जोडल्यास संगीत न घडवता लेखन तेवढे तपासले जाते. लहान ‘ई’ जोडल्यास आपल्या ओळी तिने कशा उलगडून वाचल्या, ते पडद्यावर दिसते. आपला पाठ असा उघड्यावर मांडणारे वाचक आमच्या क्षेत्रात फार नाहीत.

वहीतले क्रमांक मी जसेच्या तसे उतरवले. साथ वाजू लागली, पण उत्तरार्ध पुन्हा घोकण्यासाठी सहकारी म्हणाले, ‘पंचविसापासून द्या,’ तेव्हा ती भलत्याच जागी सुरू झाली. दोनदा, तीनदा तेच. प्रक्रिया झालेल्या बारांची क्रमवार यादी देणारा पर्याय वापरला, तेव्हा उलगडा झाला. वहीत तेवीसनंतर थेट पंचवीस होता. चोवीस लिहायचा राहून गेला होता. आज्ञावलीने हरकत घेतली नव्हती, कारण ओळीच्या आरंभीचा क्रमांक ती संगीत घडवताना मोजतच नाही. ठरावीक बारांपुरतीच साथ हवी असेल तर मात्र तिच्याजवळ दोन अक्षरे आहेत. लहान ‘बी’ लेखकाने घातलेले क्रमांक प्रमाण मानतो. मोठा ‘बी’ प्रत्यक्ष गणना करतो. मी मोठा वापरीत होतो.

महाभारताचा श्लोक उद्धृत करताना आवृत्ती सांगावी लागते, हे आपण विद्यार्थ्यांना नित्य बजावतो. १९६६मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतला क्रमांक जुन्या छापील पोथीत शोधू गेले तर भलताच श्लोक हाती येतो. हे ठाऊक असूनही मी फसलो. वर, क्रमांक दुरुस्त करून टाकावेत, असा संपादकी मोहही झालाच.

एक गोष्ट मात्र लगेच दुरुस्त केली. मी स्वतः फेरफार केलेल्या ग्रूव्हवरून इशारे येत, म्हणून ‘डीबग’ या आज्ञेने फाइलीतच ते बंद ठेवले होते आणि पुढे पुन्हा चालू करायचे विसरलो होतो. त्या इशाऱ्यांचा बारांशी संबंध नव्हता. पण बंद ठेवलेले कान हे बंदच. यासाठी रचनाकाराने ‘लास्टडीबग’ नावाचे एक चल ठेवले आहे. शेवटच्या बदलापूर्वीची स्थिती त्यात जपलेली असते. त्याच्या साहाय्याने इशारे नुसते ‘चालू’ होत नाहीत, पूर्ववत होतात. आधी कोणी काही मुद्दाम मिटून ठेवले असेल, तर तेही तसेच राहते.

क्रमांकांचे काय करावे, हे मी सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी वही उघडली, त्या पानावर बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ती पंचवीस म्हणे तेव्हा मी इथूनच उचलत असे.’

मी फाइलीला हात लावला नाही. आज्ञेत लहान ‘बी’ लिहिला, त्यापुढे पंचवीस ते बत्तीस. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतले.