ग्रीब तळ्यावरची गरी

मासा म्हणजे काय, हे कोकणात वाढलेल्या माणसाला अमेरिकेत जाऊन शिकावे लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पऱ्ह्याच्या काठी गरी टाकून बसण्यात माझे अर्धे बालपण गेले. म्हणूनच मुलगा म्हणाला, "बाबा, यलोस्टोनला गरवायला जाऊ या," तेव्हा मीच आधी बूट चढवले.

ग्रीब तळे सुमारे ८००० फूट उंचीवर. गाडीरस्ता सोडून तीन मैल चालायचे. १९८८ च्या वणव्यात जळालेल्या पाइनच्या जागी नवी झाडे उभी राहिलेली. अस्वलांचा मुलूख, म्हणून नात मोठमोठ्याने पाढे म्हणत पुढे चालली होती!

या तळ्यात ग्रेलिंग मासा १९२१ साली सोडण्यात आला. उद्यानातल्या काही नद्यांत तो मूळचाच. पण बाहेरून आणलेल्या ट्राउटपुढे आणि धरणापुढे तेथे त्याचा टिकाव लागला नाही. त्याचे शास्त्रीय नाव थायमॅलस. ताज्या माशाला थाइमचा, म्हणजे जवळजवळ आपल्या ओव्याचा, वास येतो म्हणून हे नाव पडले. नियम कडक : परवाना हवा, गळाला उलटा काटा नको, गांडूळ नको आणि ग्रेलिंग मिळालाच तर सोडून द्यायचा.

"मग पकडायचा कशाला?" मी कुरकुरलो.

पिसांची खोटी माशी पाण्यावर टेकवत राहिलो. तासाभराने दोरी ताणली. वीतभर मासा! पाठीवर शिडासारखा पर, त्यावर तांबूस-जांभळे ठिपके. मी तो उंच धरून फोटो काढायला सांगितले. एक मनासारखा आला नाही, म्हणून दुसरा. मग नाकाशी नेऊन ओव्याचा वास शोधू लागलो.

"आजोबा, त्याला श्वास घेता येत नाहीये!" नात ओरडली.

पाण्यात सोडला, तो कुशीवर कलंडला. माझ्या पोटात धस्स झाले. मुलाने सांगितले तसे गुडघे टेकून त्याला पाण्यात सरळ धरून राहिलो. गार पाण्यात बोटे बधिर झाली. किती वेळ गेला कोण जाणे! मग कल्ले हलले, शेपटीचा एक फटका बसला आणि तळहात रिकामा झाला.

आयुष्यात शेकडो मासे मी घरी नेले. एकही आठवत नाही. हा मात्र आठवतो.

परतताना नातीने विचारले, "आजोबा, आला का हो ओव्याचा वास?"

"नाही गं," मी म्हणालो. पण संध्याकाळपर्यंत हात काही धुतले नाहीत.