गाठ

लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट: ‘गाठ’ या शब्दाच्या छटा मी वर्गात अनेकदा उलगडून दाखवल्या आहेत. स्तनातली गाठ काढल्यावर तिचा अहवाल घेऊन नगरहून घोडेगावी परतताना मात्र एकच अर्थ उरला होता. अहवालात होते ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया’. दुग्धनलिकेतील पेशींची ही वेगळी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण पुढे तो होण्याचा धोका सुमारे चौपट. तरीही असे निदान झालेल्या बहुतेकींना तो होत नाही. घरी सर्वांनी विचारले, ‘साधीच ना?’ ‘हो’ म्हणाले. ते खोटे नव्हते, पुरते खरेही नव्हते. ‘साधी’ आणि ‘कर्करोगाची’ यांच्यामधल्या गाठीला आपल्या बोलीत शब्द नाही. दरवर्षीची मॅमोग्राफी चुकवायची नाही, एवढे मनाशी ठरवले आहे.