सत्तर मीटर खाली

यंदा रमजान ईदला भाचा पुण्याहून घरी आला. शिरखुर्मा संपायच्या आत त्याने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. डावीकडे मीटर, उजवीकडे मिनिटं. मला वाटलं, कंपनीचं काही काम असेल. तो म्हणाला, "मामू, ही खाली जायची योजना आहे. थायलंडच्या आखातात एक पाणबुडी आहे, दुसऱ्या महायुद्धातली. सत्तर मीटरवर."

आमच्या शेलूबाजारला समुद्र कुठूनच जवळ नाही. समृद्धी महामार्गामुळे मुंबई जवळ आली म्हणतात, तीही गाडी असलेल्यांना. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. कुणाची घागर बुडाली की तळाशी जाऊन काढायची. खाली जाताना कानात सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. पाण्याला वजन असतं हे मला तेव्हा कळलं, पुस्तकातून नाही. भाचाही त्याच विहिरीत शिकला. पुढे नोकरी लागल्यावर तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात त्याने स्कुबाचा पहिला कोर्स केला, मग दुसरा. घरात कुणाला फारसं काही वाटलं नाही. मासे बघायला जातो, एवढंच आपाला माहीत.

पण या सगळ्याची सुरुवात मासे बघण्यातून झालेली नाही. ती २०२४ च्या फेब्रुवारीत झाली, आणि त्यात माझा भाग असा आहे की तो सांगायला मला बरं वाटत नाही.

त्या महिन्यात बातमी आली होती की भारतीय नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचावयानाने विशाखापट्टणमजवळ 'गाझी'चे अवशेष शोधले. किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर, सुमारे शंभर मीटर खोल. 'गाझी' म्हणजे ती पाकिस्तानी पाणबुडी, जी १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बुडाली. ती 'विक्रांत'च्या मागावर आली होती. 'राजपूत' या आपल्या जहाजाने तिला बुडवलं असं आपलं नौदल सांगतं. आतच स्फोट झाला, किंवा तिनेच पेरलेल्या सुरुंगाने घात केला, असं पाकिस्तान सांगतं. नव्वदहून अधिक माणसं होती. एकही वाचला नाही. तिच्यावर सिनेमाही निघाला. बातमीत आणखी एक गोष्ट होती, जी फार कमी जणांनी वाचली असेल: नौदलाने अवशेषांना हात लावला नाही, मेलेल्यांचा आदर म्हणून.

भाच्याचा त्या दिवशी फोन आला. आवाजात अगदी शाळकरी आनंद. "मामू, गाझी सापडली! किती खोल आहे माहितेय?"

मी म्हणालो, "फोनवर बोलू नको."

एवढंच. पुढे मी घरी आल्यावर बोलू म्हणालो, ठेवून दिला. रात्री पुन्हा मीच फोन केला आणि विचारलं, इंटरनेटवर काय काय शोधलंस? त्याने 'गाझी'ची खोली शोधली होती, विशाखापट्टणमला बोट मिळते का ते शोधलं होतं. नौदलाच्या पूर्व कमांडचं मुख्यालय ज्या गावात आहे, तिथली बोट! माझ्या हाताला घाम आला. तो परवानगीसाठी रीतसर अर्ज करणार होता. मी करू दिला नाही. अर्ज कोण वाचणार, नाव वाचून काय म्हणणार, हे सगळं मी त्या न पाहिलेल्या माणसाच्या वतीने आधीच ठरवून टाकलं. त्या माणसाने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण भारत-पाक मॅचच्या दिवशी पानठेल्यावर 'आज तुमची टीम कशी खेळतेय' हे ऐकत मोठं झालेल्या माणसाला सवय लागते. तो हसून विचारतो, आपण हसून उत्तर देतो, आणि घरी आल्यावर पोरांना आवाज खाली ठेवायला सांगतो.

यंदा ईदला मी त्याला म्हणालो, तेव्हा मी तुला उगाच घाबरवलं. तो म्हणाला, "खोली माझ्या आवाक्याबाहेर होती, आणि परवानगी कुणालाच मिळाली नसती, हे मलाही कळत होतं. पण तुम्ही खोलीबद्दल विचारलंच नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तक्त्याबद्दल विचारायला लागलो.

ही दुसरी पाणबुडी अमेरिकेची, 'लगार्टो'. ३ मे १९४५ ला जपानी जहाजाने बुडवली, ८६ जणांसह. युद्ध संपायला साडेतीन महिने उरले होते. साठ वर्षं घरच्यांना ठावठिकाणा नव्हता. २००५ मध्ये हौशी डायव्हरांनी ती शोधली, पुढच्या वर्षी अमेरिकी नौदलाने तीच असल्याची खात्री केली. भाच्याने हीच का निवडली? कारण 'गाझी' मुळात अमेरिकन पाणबुडी, तिचं पहिलं नाव 'डायाब्लो'. त्याच काळात बांधलेली, जवळजवळ त्याच आराखड्याची, सुमारे ९५ मीटर लांब. म्हणजे तिथे जाऊन त्याला तीच आकृती दिसणार, जी इथे बघता येत नाही.

आता पाण्याचा हिशेब. दर दहा मीटरला हवेच्या एका थराएवढा दाब वाढतो. सत्तर मीटरवर शरीरावर आठपट. साध्या हवेतला नायट्रोजन तिथे माणसाला झिंग आणतो आणि प्राणवायूसुद्धा विषारी ठरू शकतो, म्हणून टाक्यांमध्ये हेलियम मिसळतात. हौशी स्कुबाची मर्यादाच चाळीस मीटर. खाली वीस मिनिटं घालवली, तर वर यायला तासाहून कितीतरी जास्त, ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत. नाहीतर रक्तात विरघळलेले वायू सोड्याच्या बाटलीसारखे फसफसतात. घाबरून सरळ वर येणं हेच जिवावर बेततं. तो सध्या चाळीसपर्यंत जाऊन आलाय. पंचेचाळीस, मग साठ, असे कोर्स करत सत्तरला पोचायला त्याला दोन वर्षं लागतील. घाई नाही म्हणतो. ते ऐकून मला जरा बरं वाटलं.

आपा दारात उभी राहून ऐकत होती. तिला हेलियमशी देणंघेणं नव्हतं. "म्हणजे तू कब्रीवर फिरायला चाललास?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कब्रीवर बसू नये, पाय देऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. दीवजवळ 'खुकरी' बुडाली, त्याच डिसेंबरच्या ९ तारखेला, पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले. तिथे कुणी हौसेने कॅमेरा घेऊन उतरलं तर मला आवडेल का? नाही आवडणार. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही, हात लावायचा नाही. कब्रस्तानात आपण जातोच ना, तसं जायचं.

"पण ते आपले नव्हेत," आपा म्हणाली. मग स्वतःच थांबली. रसूलुल्लाहंच्या समोरून एका यहुद्याचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले होते, आणि कुणीतरी तो यहुदी असल्याची आठवण दिल्यावर त्यांनी तोही एक जीवच होता असं सांगितलं, ही गोष्ट आम्हाला तिनेच लहानपणी सांगितलेली. बुडून मेलेल्याला शहिदाचा दर्जा, हेही तिनेच. 'गाझी'तल्या पोरांच्या आया काय म्हणाल्या असतील, असं ती पुटपुटली, आणि मी नकळत खिडकीकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"वर येताना तासभर काय करतोस?" तिने विचारलं.

"काही नाही अम्मी. दोरी धरून थांबायचं. घड्याळ बघायचं."

"मग काहीतरी पढत जा." आणि ती भांडी आवरायला गेली. याला होकार म्हणायचं की नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

त्याच्या पासपोर्टची मुदत डिसेंबरात संपते. नूतनीकरणाचा अर्ज या वेळी मी त्याच्याशेजारी बसून भरला. पोलीस पडताळणीला कुणी आलं आणि कशाला चाललास म्हणून विचारलं, तर पाणबुडी बघायला, असं सरळ सांगायचं ठरलंय.